संग्रह ही नवाबांची मिरासदारी नव्हे

कलासंग्रहाचा विषय काढला की आपल्या समाजात दोन उत्तरे तयार असतात. एक, ‘हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला मुलांची फी भरताना नाकी नऊ येतात.’ दुसरे, ‘घरात तसवीर ठेवायची नाही, मग जमवायचे काय?’ ही दोन्ही उत्तरे म्हणजे पळवाटा आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या उत्तराचा विचार आधी करू. सजीवांचे चित्र घरात नको, अशी कोणाची श्रद्धा असेल तर तिच्याशी माझे भांडण नाही. पण खत्तातीचे काय? अक्षरकलेला आपल्याकडे कोणत्या मौलवींनी मनाई केली? पूर्वी नामवंत खुशनवीसांच्या हातचे सुटे कागद जमवून त्यांचा ग्रंथ बांधत. त्याला ‘मुरक्का’ म्हणत. सूफींच्या ठिगळे लावलेल्या झग्यालाही हाच शब्द आहे. शहजादा दारा शुकोहने नादिरा बानू बेगमला असा मुरक्का दिला. त्यावरची नोंद १६४१-४२ ची आहे. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्हणजे जमवण्याची परंपरा आपलीच. जपायला मात्र दुसरे!

आता श्रीमंतीचे उत्तर. पंढरपूरला १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. आपल्याकडे तो आकडा अभिमानाने सांगितला गेला. पण हे चित्र १९५४ साली दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरने विकत घेतले होते, तेव्हा हुसेन चाळिशीच्याही आत होते. पुढे १९६४ साली ते ऑस्लोच्या एका इस्पितळाला दिले गेले. लिलावात बोली लावणारा गिऱ्हाईक असतो. कलावंत हयात असताना त्याचे काम ओळखून घेणारा आणि शेवटी ते लोकांच्या हवाली करणारा, तो संग्राहक.

पाटण्याचे खुदाबख्श खान वकिली करत. वडिलांनी त्यांच्याकडे सुमारे १४०० हस्तलिखिते सोपवली. त्यांनी ती ४००० च्या घरात नेली आणि १८९१ साली ग्रंथालय सर्वांसाठी खुले केले. पुण्याच्या दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय. त्यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी जमवली. कोणाच्या माजघरातला अडकित्ता संग्रहालयात ठेवण्याजोगा आहे, हे आधी त्यांना दिसले. हे दोघे नवाब नव्हते. सालारजंगांचे हैदराबादचे संग्रहालय जरूर पाहावे, पण ‘त्यांच्याकडे दौलत होती’ म्हणत हात झटकून परतू नये.

आमच्या माजघरातला अडकित्ता कोणता? माझ्या मते कातिबाच्या हातचा कागद. १९८१ साली नूरी नस्तालीक आले, १९९४ मध्ये इनपेज आले आणि गावोगावचे कातिब बेकार झाले. उर्दू पुस्तके, वर्तमानपत्रे, लग्नाचे रुक्के, मुशायऱ्यांची पोस्टरे, शाळेची प्रशस्तिपत्रके हे सगळे ज्या हातांनी लिहिले, त्यांची नावेसुद्धा आपल्याला सांगता येत नाहीत. नस्तालीकचे प्रत्येक अक्षर त्याच कलमाने टेकवलेल्या नुक्त्यांनी मोजून बसवायचे असते. हे वर्गात फळ्यावर दाखवले की मुले थक्क होतात. आणि शाळेची साफसफाई निघाली की हातचे तक्ते पहिले रद्दीत जातात!

आपल्या दिवाणखान्यात मात्र काय लटकते? कारखान्यात छापलेली सोनेरी प्लॅस्टिकची आयत. एखादा खुशनवीस सापडलाच तर त्याला आपण म्हणतो, ‘लिहून द्या, सवाबचे काम आहे.’ चौकटवाल्याला पूर्ण पैसे आणि लिहिणाऱ्याला सवाब! लग्नातल्या एका जादा पक्वान्नाच्या खर्चात त्याच्या हातचा एक कागद येतो. तेव्हा गरिबीचे कारण पुढे करू नये.

संग्रहाला दालन लागत नाही. एक फाईल पुरे. पण नुसते साठवणे म्हणजे संग्रह नव्हे. कोणी लिहिले, कोणत्या गावात, कधी, कशासाठी आणि आपण काय मोल दिले, हे सोबतच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. कागद ऊन, ओल आणि कसरीपासून जपावा. लॅमिनेशन कधीही करू नये. त्यातून तो पुन्हा धड निघत नाही. वर्षातून एकदा शाळेत किंवा मोहल्ल्यात सारे मांडून दाखवावे. कुलपातला संग्रह आणि कुलपातली दौलत यांत फरक नाही. संग्रह ही अमानत आहे, आणि अमानत पुढे सोपवायची असते.

महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की किल्ले, मकबरे आणि सुलतानांच्या वंशावळी दाखवल्या जातात. कलमावर पोट भरणारा सामान्य माणूस त्यात कुठेच नाही, याची तक्रार आपण परिसंवादांतून दरवर्षी करतो. तक्रार रास्त आहे. पण त्याचा पुरावा आपणच किलोच्या भावाने विकत असू, तर इतिहासकाराने लिहायचे कशावरून? या ईदला घराची सफाई करताना ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागद फेकण्याआधी एकदा उलटून पाहा. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कातिबाचे नाव असेल.