पालकाची सही कुठपर्यंत?

चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी आपल्या बडोद्यातच. त्यामुळे घरच्या गोष्टीतही मला आधी खातं-पासबुकच आठवतं, सांभाळून घ्या.

अज्ञान मुलाचं खातं पालकाच्या सहीने चालतं. दहा वर्षं पूर्ण झाली की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू देऊ शकते, रकमेची मर्यादा घालून. अठरा पूर्ण झाली की मुलाची नमुना सही नव्याने घ्यायची, आणि पालकाची सही बंद. काउंटरवर कित्येक वडील वाद घालायचे, "अहो, पैसे तर मी भरलेत!" भरले होते खरे, पण खातं मुलाचं होतं.

माझं मत असं, की घरातही हेच वेळापत्रक पाळावं. दहाव्या वर्षी महिन्याचे थोडे पैसे मुलाच्या हातात द्यावेत. त्याने ते मांडवीच्या बाजारात दोन दिवसांत उडवले, तर पुढचा महिना येईपर्यंत आपण गप्प बसावं. पंधरा-सोळाव्या वर्षी घराचा हिशोब त्याच्यासमोर मांडावा: कर्जाचा हप्ता किती, आजीच्या औषधांना किती. ज्याला घरातली ओढाताण ठाऊक असते, त्याला घर आपलं वाटतं. अठरानंतर मात्र विचारलं तरच सल्ला द्यावा.

आपल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या घरांत बरेचदा उलटं दिसतं. मुलगा चाळिशीचा, नोकरी बंगळुरूला. पण फ्लॅट कितव्या मजल्यावर घ्यायचा, नातवाला कुठल्या बोर्डात घालायचं, सगळ्यावर इथून सही हवी. मग तो फोन आटोपता घेतो, आणि आपण कमाटीबागेत सकाळच्या फेरीला म्हणतो, "मुलं विसरली हो!"

दोन वर्षं काहीच व्यवहार झाला नाही की बचत खातं निष्क्रिय होतं. ते चालू ठेवायला शंभर रुपये भरले तरी पुरतात. नात्याचंही तसंच आहे. रोज व्हिडिओ कॉलचा हट्ट नको. माझी नात हैदराबादला असते, मराठी मोडकंतोडकं बोलते. अभ्यासाची चौकशी केली की "हो, नाही" एवढंच उत्तर. पण शेवउसळीची तर्री कशी करायची, आपण झोपाळ्याला हिंचका का म्हणतो, असलं काही निघालं की अर्धा तास बोलते. तेही मराठीतच.

आता आपल्या वयाचं बोलू. ठेवींवर नॉमिनी असतो, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेतो, इतकंच. हे ठाऊक नसल्यामुळे भावंडांचं बोलणं कायमचं तुटलेलं मी बँकेच्या टेबलापलीकडून पाहिलंय. म्हणून खाती, ठेवी, घर, मृत्युपत्र, जे असेल ते मुलगा आणि मुलगी दोघांना एकाच वेळी समोर बसवून सांगा. एकाला फोनवर नि दुसऱ्याला कानात, असं नको. जावई-सून बसले असतील तर आणखी चांगलं.

दिवाळीला सगळे घरी येतात, तेव्हाच हे उरकावं. सणासुदीला असला विषय नको, असं घरात कोणीतरी म्हणेलच. पण मग तो तेराव्यानंतर निघतो, आणि तेव्हा उत्तरं द्यायला आपण नसतो.