पेणची बँक अभ्यासक्रमात आणा

बी.कॉम.च्या वर्गात कंपनी कारभार शिकवायचा म्हटले की सत्यम आणि एन्रॉन या कंपन्यांचे घोटाळे निघतात. रायगडच्या महाविद्यालयांना इतक्या लांब जायचे कारण काय? सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले, २०१४ मध्ये परवाना गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचाही परवाना रद्द झाला. दोन्हीकडे आरोप बनावट कर्जखात्यांचा. कर्जे मंजूर होत असताना संचालक मंडळ काय विचारत होते, लेखापरीक्षकांना काय दिसले, हे प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त शिकवतात.

जोखीम म्हणजे काय, हेही इथेच कळते. पेणची बँक बुडाली तेव्हा ठेवविमा अवघा १ लाखाचा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो ५ लाखांवर गेला, म्हणून कर्नाळाचे बहुतांश ठेवीदार वाचले. निवृत्तीचे किंवा जमीन विकून आलेले पैसे एकाच बँकेत ठेवणाऱ्या पेणकराला विम्याची ही मर्यादा कुणी आधी सांगितली होती?

मुंबई विद्यापीठाने या दोन्ही प्रकरणांचा अभ्यास वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा करावा. आणि वर्गात ठेवीदारांनाही बोलवावे.