टाळकऱ्यांना माईक द्या

गोरेगाव म्हटलं की पुण्या-मुंबईचे मित्र लगेच विचारतात, "ईस्ट की वेस्ट?" आमचं गोरेगाव सेनगाव तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात. 'कॉयर' हा शब्द इकडे फारसा कुणी वापरत नाही, पण कॉयर गावोगावी आहे. त्याला टाळकरी म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, टाळ कुटणारे म्हणजे कॉयर? ('टाळकुटे' हा शब्द हिणवायला वापरणाऱ्यांना एकदा दोन तास उभं राहून टाळ धरायला लावलं पाहिजे.) बघा ना, बुवा पुढे, मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग, एक विणेकरी. निरूपण करता करता बुवा प्रमाण म्हणून एखाद्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतात आणि उरलेला चरण मागची मंडळी क्षणात उचलतात, चालीसकट. हातात कागद नाही. म्हणजे तुकोबा, ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ यांचे शेकडो अभंग पाठ पाहिजेत. आपण दोन ओळींच्या कमांडसाठी गूगल उघडतो!

हे घडतं कसं? पोरगं सहा-सात वर्षांचं असताना हरिपाठाला रांगेच्या टोकाला उभं राहतं. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे 27 अभंग ऐकून ऐकूनच पाठ होतात, अर्थ कळायला अजून वीस वर्षं असतात. पायात पावली बसते. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. जर्मनीत लाइपझिगला 1212 पासून चालत आलेला थोमानरकोर नावाचा मुलांचा कॉयर आहे, 1723 ते 1750 बाख तो सांभाळत होता. तिथे आवाज फुटलेला मुलगा पुढे खालच्या पट्टीत गातो, कारण त्यांच्या गाण्यात वरचे-खालचे आवाज वेगवेगळ्या ओळी गात एकत्र चालतात. आमच्याकडे सगळ्यांचा सूर एकच, तोही चढा. मग पोरगं वर्षभर टाळ वाजवतं, ओठ हलवतं आणि ऐकतं. माझ्या मते खरा टाळकरी याच वर्षात तयार होतो. पुढे काही जण आळंदीला जातात. जोग महाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बाकीचे सोयाबीन-हळद सांभाळून गातात.

(मुलींना ही रांग अजून फारशी मोकळी नाही, बायकांचं भजनी मंडळ वेगळं. त्यावर पुन्हा कधीतरी, सविस्तर भांडू.)

तर मुद्दा असा. सप्ताहाच्या बॅनरवर बुवांचा फोटो, देणगीदारांचे फोटो आणि टाळकऱ्यांसाठी खाली एक ओळ, 'समस्त भजनी मंडळी'. चांगला माईक बुवांना. कीर्तन यूट्यूबवर चढतं तेव्हा विनोद ऐकू येतो, चाल नाही. गावातली पोरं पुण्याला, म्हणून गायक बाहेरून बोलवायचे. ती मंडळी उत्तम गातात, तक्रार नाही. पण आठव्या दिवशी ती जातात आणि रोजच्या हरिपाठाला रांग रिकामी. मग टोकाला उभ्या पोरानं शिकायचं कुणाचं बघून?

आणि याला पैसे कोण पुरवतं? आपणच. "काल्याचं कीर्तन मोठ्या महाराजांचं ठेवा, बिदागी माझ्याकडे" असा फोन हिंजवडीतूनच जातो. त्याऐवजी रांगेसाठी दोन माईक, दहा जोड टाळ आणि गावातल्याच एखाद्या जुन्या गायकाला पोरांना चाली शिकवण्याचं वर्षभर मानधन द्या की! पैसे आले की सेवा राहत नाही, असं जुनी मंडळी म्हणतील. मग बुवांची बिदागी कशी चालते? निष्काम भक्तीचा धडा टाळकऱ्यालाच का?

असो. सप्ताहाला सुट्टी काढून गेलातच, तर पुढच्या खुर्चीत बसू नका. रांगेच्या टोकाला, पोरांच्या शेजारी, जागा असते.