आधी आपलं बघा

28 मार्च 2025 रोजी म्यानमार भूकंपाने हादरला. दुसऱ्याच दिवशी तंबू, चादरी, औषधं असं 15 टन साहित्य घेऊन भारतीय हवाई दलाचं विमान यांगूनला उतरलं. मागोमाग आपल्या लष्कराच्या डॉक्टरांनी मंडालेत तात्पुरतं रुग्णालय उभारलं. मला त्याचा अभिमान वाटला. त्याच दिवसांत भंडाऱ्यात चहाच्या टपरीवर मात्र हे ऐकलं : "आपल्या धानाच्या बोनसचा पत्ता नाई, अन् हे दुसऱ्याले वाटून रायले. आधी आपलं बघा म्हणा." 2015 साली नेपाळला मदत गेली तेव्हाही हेच बोललं गेलं होतं.

धान पिकवणाऱ्याचा राग खरा आहे. पण ज्याला आपण "आपलं" म्हणतो ते नक्की कोण, हे आज मला माझ्या जिल्ह्याला विचारायचं आहे.

2020 चा ऑगस्ट संपता संपता मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगा भंडाऱ्यात शिरली. शहराच्या वस्त्या बुडाल्या, पवनीपर्यंत नदीकाठच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. रोवणीचा खर्च होऊन गेला होता आणि धान हाती यायचं होतं. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. 33 टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तर भरपाई, आणि ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. आता आपल्या जिल्ह्यात किती बांध्या मालक स्वतः कसतो आणि किती ठेक्याने, बटईने दिल्या जातात, हे गावात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. बी-बियाण्याचं कर्ज ठेकेदार शेतकऱ्याच्या डोक्यावर, गेलेलं पीक त्याचं, आणि भरपाई मालकाची. रोवणीला जाणाऱ्या बायांची बुडालेली मजुरी तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

इथे सरकारला दोष देऊन मोकळं होता येईल. नियम सरकारचा आहेच. पण खात्यात आलेल्या त्या पैशातला वाटा कसणाऱ्याच्या हातावर ठेवायला कोणत्या नियमाने मालकाला अडवलं होतं? असा वाटा देणारे असतील, त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांनी मात्र तो पैसा मुकाट ठेवून घेतला, गावाने ते पाहिलं, आणि त्यावर एक सभा झाली नाही. तोच गाव म्यानमारच्या तंबूंचा हिशेब मागतो.

गोसीखुर्दचं तसंच. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी या धरणाची पायाभरणी केली तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटींचा होता. पुढे तो कित्येक हजार कोटींवर गेला. ज्यांची घरं आणि शेतं त्या पाण्यात गेली, ते पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं आंदोलन करत आले. पाणी ज्यांच्या शेतात जायचं होतं, त्यांच्यापैकी किती जण त्या आंदोलनाच्या मंडपात जाऊन बसले? नदीकाठच्या सखल जागेत पिढ्यानपिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं का, आणि गावातली उंच जागा कुणाकडे, हा प्रश्न तर आपण विचारायलाही धजत नाही. पूर आला की त्यांचाच डोंगा हवा. पाणी ओसरलं की त्यांचा टोला पुन्हा गावाबाहेर.

"आधी आपलं" या वृत्तीची किंमत किती मोठी असते, ते ऑक्टोबर 2005 मध्ये दिसलं. काश्मीरच्या भूकंपात पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागात हजारो माणसं गाडली गेली, रस्ते तुटले, हिवाळा तोंडावर होता. भारताने हेलिकॉप्टर देऊ केली. पाकिस्तान म्हणाला, भारतीय वैमानिकांशिवाय द्या. भारत म्हणाला, वैमानिकांशिवाय देणार नाही. हेलिकॉप्टर गेलीच नाहीत. दोन्ही सरकारं आपापल्या देशातल्या लोकांना भीत होती, टपरीवर बसलेल्या तुम्हा-आम्हाला भीत होती. शत्रूकडून मदत घेतली असं कुणी म्हणू नये, शत्रूपुढे नमलो असं कुणी म्हणू नये, म्हणून डोंगरातली जखमी माणसं वाट पाहत राहिली. त्याआधी चारच वर्षं, 2001 च्या गुजरात भूकंपात, याच पाकिस्तानने तंबू आणि चादरींचं विमान अहमदाबादला पाठवलं होतं. आणि 1993 च्या भूकंपात किल्लारी कोसळली तेव्हा परदेशातून आलेली मदत, जागतिक बँकेचा पैसा, आपण घेतलाच ना? तेव्हा त्या देशांतल्या कुणा गरिबाने "आधी आपलं बघा" म्हटलं असतं, तर लातूर-धाराशिवच्या उघड्यावर पडलेल्या आया-बहिणींना आपण काय सांगितलं असतं?

मला दिसतं ते असं : शेजारच्या देशाला मदत पाठवू नका म्हणणारा माणूस बहुधा शेजारच्या घरालाही पाठवत नाही. त्याचं "आपलं" उंबरठ्याच्या आत संपतं. म्यानमारला गेलेला तंबू थांबवला असता, तरी तो ढिवरटोल्यावर उभा राहिला नसता.

पुढच्या पुरानंतर तलाठी पंचनाम्याला येईल. मालक बांधावर छत्री धरून उभा असेल. ज्याने नांगरलं, चिखल केला, रोवणी लावली, तो चार पावलं मागे उभा असेल. तलाठी नाव विचारेल. त्या वेळी बांधावर जमलेल्यांपैकी एकाने तरी पुढे होऊन त्या मागच्या माणसाचं नाव सांगावं, एवढंच मी मागतो.