राणीचं पिशवीचं ऑपरेशन

आज पिकाचं नाही, कुत्रीचं लिहितोय. हसायचं त्यांनी हसून घ्या.

आमची राणी सात वर्षं मळ्यावर आहे. रानडुकरं, कांद्याची वखार, रात्रीची शेरडं, सगळी राखण तिच्यावर. गेल्या महिन्यात तिनं खाणं सोडलं आणि पाणी मात्र हंड्यानं प्यायला लागली. मी म्हटलं ऊन आहे, पीत असंल. चार दिवस असेच घालवले. पाचव्या दिवशी ओकारी सुरू झाली, पोट फुगलं आणि ती गोठ्याच्या कोपऱ्यातनं उठंना.

तालुक्याच्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, पिशवीत पू झालाय, पिशवी काढावी लागंल, पण इथं कुत्र्याला पूर्ण भूल द्यायची सोय नाही. मग गाडी करून व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेली. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सलाईन लावलं आणि त्याच दिवशी ऑपरेशन. काढलेली पिशवी मला दाखवली. हाताएवढ्या जाड दोन नळ्या, पुवानं भरलेल्या. अजून एक दिवस थांबलो असतो तर फुटली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तेव्हा मला आमची आधीची कुत्री आठवली. ती अशीच पाणी पिऊन पिऊन गेली. कुणीतरी विष घातलं म्हणून मी शेजाऱ्याशी दोन वर्षं बोललो नव्हतो.

हा आजार ऑपरेशन न केलेल्या मादीला होतो, माज संपल्यावर साधारण महिना-दोन महिन्यांत. काहींना मागून घाण जाते, तेव्हा लगेच कळतं. पिशवीचं तोंड बंद असलं तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तीच जास्त धोक्याची. तरणी, धडधाकट असताना पिशवी आणि बीजांडं काढली की हा प्रश्नच राहत नाही. वर पिल्लं पोत्यात घालून ओढ्याला सोडायचं पापही टळतं. ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

खर्च विचाराल तर गाडीभाडं धरून टमाट्याच्या दोन फवारण्यांएवढा आला. पारावर एक जण म्हणाला, "हितं गायीला डॉक्टर मिळंना आन तू कुत्र्याला ऑपरेशन करतो." गायीचं त्याचं खरं आहे. पण अडलेली शेळी पोट फाडून सोडवायची, गायीच्या पोटातली तार काढायची, तर तिथंही भूल, टाके आणि सवडीचा डॉक्टर लागतोच. ही सोय तालुक्याला आली तर एकट्या कुत्र्याला थोडीच येणार आहे? परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथं कॉलेजं आहेत, पण फुगलेल्या पोटाचं जनावर तिथवर न्यायचं म्हणजे निम्मा जीव वाटेतच जातो. महिन्यातला एक दिवस तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी ठेवावा, भुलीच्या औषधाला ग्रामपंचायतीनं हातभार लावावा, असं माझं मत आहे. येत्या ग्रामसभेत मांडणार आहे.

आणि चूक आपलीपण असते. ऑपरेशननंतर दहा-बारा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत. गळ्यात ती बादलीसारखी कॉलर असते ती "बिचारीला त्रास होतो" म्हणून आमच्या आईनं दुसऱ्याच दिवशी काढली. रात्रीतनं एक टाका सुटला, परत फेरी. दुखतंय म्हणून घरातली माणसाची गोळीसुद्धा देऊ नका, कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड त्यानं जातं.

राणी आता वखारीपुढं बसलेली असते. तिची दोन वर्षांची लेक आहे, तिला सोमवारी नेतोय, आजारी पडायच्या आधीच. गाडीत अजून दोन कुत्र्यांची जागा आहे. गावातलं कुणी येणार असंल तर रविवारी दुपारपर्यंत कळवा. त्या रात्रीच्या जेवणानंतर कुत्र्याला काही घालू नका, भाकरीचा तुकडासुद्धा नाही. भुलीत ओकारी झाली तर ती श्वासात जाते.