बाटलीची मागची बाजू

भिवंडीच्या गोदामांतून शाम्पू, कंडिशनर, बॉडी वॉशची खोकी रोज बाहेर पडतात. त्यांतील काही उत्पादनांत गव्हाचे प्रथिन असते. सीलिअ‍ॅक रुग्णाला ते त्वचेतून बाधत नाही; तोंडात जाऊ न देणे पुरते. गव्हाची अ‍ॅलर्जी मात्र निराळी. जपानमध्ये असे प्रथिन असलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक जणांना गव्हाचे अन्नही बाधू लागले. २०११ मध्ये तो साबण परत मागवला गेला. म्हणून अ‍ॅलर्जी असलेल्याने ‘ग्लूटेन-फ्री’ शिक्क्यावर न थांबता मागील घटकयादीत ‘व्हीट प्रोटीन’ वा ‘ट्रिटिकम व्हल्गेर’ शोधावे. त्वचा नाजूक असल्यास सुगंधद्रव्येही टाळावीत. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधणाऱ्या नजरेला हे कठीण नाही. दुकानदारानेही ग्राहकाला मागची बाजू आवर्जून दाखवावी.