दाढेतील चौथी वाट

रूट कॅनाल होऊनही दाढ ठणकत राहिली, की शिरोळ-जयसिंगपूरच्या पेढीवरचा माणूस सहज म्हणतो, ‘आता काढूनच टाकू.’ हा निर्णय घाईचा ठरू शकतो.

वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळे असतात. परंतु गालाकडील पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नलिका असतात. ही चौथी नलिका अतिशय बारीक असल्याने निसटते आणि आत उरलेला जंतुसंसर्ग पुन्हा डोके वर काढतो. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी नलिका एकमेकींस जोडल्या जाऊन ‘सी’ अक्षराचा आकार घेतात. १९७९ मध्ये कुक व कॉक्स यांनी या रचनेचे वर्णन केले.

कीर्दीतील एक रक्कम खतावणीस चढवायची राहिली, तर ताळेबंद जुळत नाही, तसेच हे. साध्या एक्स-रेत मुळे एकावर एक दिसतात. त्रिमितीय सीबीसीटी चित्रण व सूक्ष्मदर्शक यांनी दडलेली वाट सापडू शकते.

दुखण्याचे कारण प्रत्येक वेळी हेच नसते. तरीही दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्यांना विचारावे, ‘एखादी नलिका राहिली असेल काय?’ पुन्हा उपचार केल्यास स्वतःची दाढ अनेकदा वाचते. सूज वा ताप असल्यास मात्र विलंब नको. वेदनाशामक गोळ्यांवर दिवस रेटू नयेत.